उद्योजकता महाविद्यालयात शिकता येते का?

उद्योजक जन्मावा लागतो, घडवता येत नाही, हा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. बारावीचा निकाल लागल्यावर मुलाने वा मुलीने उद्योजकतेच्या अभ्यासक्रमाचा विषय काढला की घरातून हमखास प्रश्न येतो : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कोणत्या महाविद्यालयातून ही पदवी घेतली होती? प्रश्न बिनतोड वाटतो आणि त्यामागे केवळ खोचकपणा नसतो. तीन-चार वर्षांचे शुल्क, पुढे भांडवलासाठी मोडावी लागणारी मुदत ठेव, प्रसंगी तारण ठेवावे लागणारे राहते घर, एवढे सारे पणाला लागलेले असते.

तथापि, लक्ष्मणरावांचेच उदाहरण नीट पाहावे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले होते. यंत्रविद्येत ते निष्णात होते. असे असूनही त्यांचे पहिले सहा लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वस्तू उत्तम असणे आणि तिला गिऱ्हाईक मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ती दोन वर्षे सोसण्याची ताकद किती घरांत असते? शिक्षणाने हा काळ थोडा जरी कमी झाला, तरी शुल्क सार्थकी लागले असे म्हणता येईल.

आपल्याकडील वाणिज्य शिक्षणाचा आरंभ मात्र निराळ्या हेतूने झाला. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली स्थापन झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे अध्यापन केले. अशा महाविद्यालयांनी देशाला हिशेबनीस, लेखापरीक्षक आणि बँक अधिकारी दिले. (बँकेच्या काउंटरच्या आतील बाजूस बसणारे अनेक जण या शिक्षणाचेच फलित आहेत!) दुसऱ्याचा हिशेब चोख ठेवणारा मनुष्य त्यातून घडला, स्वतःचा धंदा उभारणारा मनुष्य घडवण्याचा विचार बराच उशिरा आला.

तो आला आंध्र प्रदेशातील काकीनाडा या बंदराच्या गावातून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास तेथील व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत एकत्र आणले. काहीतरी साध्य करून दाखवण्याची आंतरिक ओढ प्रशिक्षणाने वाढवता येते का, हे त्यांना तपासायचे होते. मॅक्लेलंड यांच्या प्रयोगांत कडी खुंटीवर फेकण्याचा एक साधा खेळ असे. किती अंतरावरून फेकायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. काही जण खुंटीला खेटून उभे राहत, काही जण नशिबावर हवाला ठेवून फार लांबून फेकत. सिद्धीची ओढ प्रबळ असलेली माणसे मात्र मध्यम अंतर निवडत : यश कठीण असावे, पण आपल्या प्रयत्नाच्या आवाक्यात असावे. उद्योजक म्हणजे जुगारी, ही कल्पना या खेळाने मोडीत काढली. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढील काळात इतरांपेक्षा अधिक व्यवसाय सुरू केले वा वाढवले, असे आढळून आले. हाच धागा पकडून गुजरातमध्ये १९७० नंतर उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू झाले आणि १९८३ साली अहमदाबादेत वित्तीय संस्थांच्या पुढाकाराने भारतीय उद्यमिता विकास संस्था उभी राहिली.

आता वर्गात नेमके काय शिकावे? आमच्या मते सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कंटाळवाणा वाटणारा धडा म्हणजे खेळते भांडवल. समजा, एका विद्यार्थिनीने मसाले उत्पादनाचा प्रकल्प अहवाल तयार केला. दरमहा विक्री १ लाख रुपये, खर्च ८० हजार, नफा २० हजार. कागदावर सारे झकास! पण मिरची-धणे रोखीने घ्यावे लागतात आणि महिनाभर साठवावे लागतात, तयार माल पंधरा दिवस पडून राहतो, दुकानदार दीड महिन्याने पैसे देतो. म्हणजे ढोबळमानाने तीन महिन्यांचा खर्च, सुमारे २ लाख ४० हजार रुपये, सतत अडकून राहणार. आता मागणी दुप्पट झाली तर? नफा दुप्पट होईल हे घरातले सर्वजण सांगतील. अडकणारी रक्कमही ४ लाख ८० हजारांवर जाईल, हे सांगणारा क्वचितच भेटतो. धंदा तेजीत असतानाच रोकड संपते, ती अशी. हे गणित स्वतःचे पैसे गुंतवण्यापूर्वी वर्गात फसलेले परवडते.

उधारीच्या वसुलीबाबतही तेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार खरेदीदाराने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे अधिकाधिक ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. कायदा पाठ होतो. मोठ्या गिऱ्हाइकाकडे तगादा कसा लावावा, हे क्रमिक पुस्तकात सापडत नाही. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा एक गोष्ट पाहावी : विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष विक्री करावी लागते का, आणि त्यांचा प्रकल्प अहवाल कोणी उद्योजक वा बँक अधिकारी तपासतो का?

महाविद्यालयाचे शुल्क झेपत नसेल, तर हाच अभ्यास अन्य मार्गानेही करता येतो. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाच्या न्यासाने दोन बँकांच्या सहकार्याने स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढली. त्याच नमुन्यावर आज देशभर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालतात. प्रशिक्षण निवासी आणि विनामूल्य असते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळू शकते. 'तरुण' गटातील पूर्वीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ पासून ही मर्यादा २० लाख झाली आहे. अर्ज घेऊन शाखेत येणाऱ्यास अधिकारी पदवी विचारेलच, पण त्याआधी बहुधा विचारेल, "तुमचा माल घेणार कोण, आणि पैसे किती दिवसांनी देणार?"