रानातला पाहुणा

ग्वाल्हेर शहरात शिंदेशाहीच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुरारजवळच्या थाटीपुर वस्तीतील अशाच एखाद्या घरी नाताळच्या सुटीत बेत ठरतो, की या खेपेस नातेवाइकांकडे न जाता दोन रात्री रानात, तळ्याच्या काठी काढावयाच्या. जवळच तिघरा धरण आहे. परंतु ते दिवसभराच्या सहलीचे ठिकाण. मुक्काम करावयाचा तर शिवपुरी. आग्रा-मुंबई मार्गाने सुमारे ११५ किलोमीटर अंतर, म्हणजे सकाळी जेवून निघालेले कुटुंब दुपारच्या चहाला तेथे पोहोचते.

शिवपुरी, म्हणजे जुन्या कागदांतील सिप्री, मराठी माणसाला परकी नाही. १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे यांना येथेच फाशी दिले गेले. पुढे ग्वाल्हेर संस्थानची ही उन्हाळी राजधानी झाली. मणिहार नदी अडवून १९१८ साली येथे जो तलाव केला, त्याला माधवराव शिंदे यांच्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव देऊन ‘सख्यासागर’ म्हटले गेले. भोवतालचे शिकारीचे रान १९५८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याला पुढे माधवरावांचे नाव मिळाले. २०२२ साली सख्यासागराची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, म्हणजे रामसर यादीत झाली. मध्यंतरी कित्येक वर्षे या रानात वाघ उरला नव्हता. मार्च २०२३ मध्ये तो बाहेरून आणून सोडला गेला आणि मार्च २०२५ मध्ये उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भदैया कुंडाजवळ पर्यटन महामंडळाने उभारलेल्या कुटीरांखेरीज या परिसरात पाहुण्यांना उतरण्याच्या आणखीही सोयी आहेत.

आता पाहुणा कुटीराचे दार उघडतो. पहिल्या पाच मिनिटांत घरातील प्रत्येकजण आपापली परीक्षा घेतो. मुलगा मोबाइलला संदेश येतो का ते पाहतो. त्याची बहीण आरसा शोधते. वडील पंखा, दिवा आणि ऊन पाण्याचा नळ चालवून बघतात, आणि ऊन पाणी बादलीतून मिळेल असे कळताच कपाळाला आठी घालतात. आजी मात्र न्हाणीघराच्या दाराची कडी दोनदा लावून पाहते, खिडकीची जाळी बोटांनी दाबते आणि विचारते, “रात्री इथे माणूस कोण असतो?” चौघांत नेमका प्रश्न तिलाच सुचलेला असतो.

रानातील निवासात राहून आलेल्या माणसांचे अभिप्राय वाचण्यासारखे असतात. पूर्वी ते डाक बंगल्याच्या किंवा वनविश्रामगृहाच्या वहीत लिहिले जात. खानसामा वही पुढे करी आणि साहेब निघण्यापूर्वी दोन ओळी खरडून सही करी. हल्ली ते मोबाइलवर तारे देऊन लिहितात. साधन बदलले, मजकूर फारसा बदललेला नाही. ‘परम शांतता’ असे एकजण लिहितो, आणि त्याच कुटीरात आठवड्याने राहिलेला दुसरा ‘करमणुकीची काहीही सोय नाही’ असे नोंदवतो. एकाला रात्रीचा काळोख अविस्मरणीय वाटतो. दुसरा आवारात दिवे कमी असल्याची तक्रार करतो. माकडांनी केळी पळविली, याचे कोणाला हसू येते, तर कोणी त्यासाठी एक तारा कापतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. वस्तू एकच असते. एक ती घेण्यासाठीच आलेला असतो, दुसऱ्याला ती मिळणार हे कोणी सांगितलेले नसते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. गैरसोय निराळी आणि हेळसांड निराळी. ऊन पाणी बादलीतून येणे, मोबाइल न चालणे, जेवणात दोनच भाज्या असणे, पहाटे मोरांनी झोपमोड करणे, या गैरसोयी होत. त्या रानाच्या सोबतीनेच येतात. फाटकी मच्छरदाणी, न लागणारी कडी, गढूळ पिण्याचे पाणी, आजारी माणसाला गावात नेण्यासाठी वाहन नसणे आणि पाण्याच्या काठावर इशाऱ्याची पाटी नसणे ही हेळसांड होय. पाहुणा पहिल्या प्रकाराबद्दल आवाज चढवतो आणि दुसऱ्या प्रकाराकडे ‘रानात असे चालायचेच’ म्हणून काणाडोळा करतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. खरे पाहता हे नेमके उलट व्हावयास हवे.

मच्छरदाणीचेच उदाहरण घ्यावे. तिचा उपयोग केवळ डासांपुरता नाही. आपल्याकडील प्रमुख विषारी सापांपैकी नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चौघांत मण्यार हा निशाचर होय. तो उबेच्या वा भक्ष्याच्या शोधात घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. चावल्याची वेदना इतकी थोडी असते, की पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, पुढे श्वास कोंडतो. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्या साध्या साधनांनी हा धोका पुष्कळ टळतो. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हालवता माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे. या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस तेथेच मिळू शकते. म्हणून खोली ताब्यात घेताना ‘लस असलेला दवाखाना किती दूर?’ हे विचारून ठेवणे भित्रेपणाचे लक्षण मानू नये.

दुसरा धोका थंडीचा. ग्वाल्हेर-शिवपुरीकडचा जानेवारी कोकणातल्या माणसाला कल्पनेतही यावयाचा नाही. अशा रात्री पाहुणा चौकीदाराकडून कोळशाची शेगडी मागून घेतो, दारे-खिडक्या लावतो आणि झोपी जातो. कोंडलेल्या खोलीत अर्धवट जळणाऱ्या कोळशातून जो विषारी वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात या एका चुकीपायी माणसे झोपेतच दगावतात. शेगडी व्हरांड्यात पेटवावी, तिच्याभोवती गोष्टी सांगाव्यात आणि झोपताना ती बाहेरच ठेवून आत दोन पांघरुणे अधिक घ्यावीत.

तिसरी गोष्ट पाण्याची. सख्यासागरात मगरी आहेत. दुपारच्या उन्हात त्या काठावर लाकडाच्या ओंडक्यासारख्या निश्चल पडलेल्या असतात, त्यामुळे पाहणाऱ्याला त्या आळशी वाटतात. परंतु मगरीची शिकार पाण्याच्या कडेला होते. पाणी प्यायला वाकलेल्या जनावरात आणि पाय धुवायला वाकलेल्या माणसात ती भेद करीत नाही. मावळतीला तळ्यात पाय सोडून बसण्याचे जे चित्र पाहुणा घरून मनात घेऊन आलेला असतो, ते येथे पुसून टाकावे लागते. व्हरांड्यातून पाणी तितकेच सुंदर दिसते.

जेवणाच्या वेळेवरून सर्वांत अधिक वाद होतात. आठ वाजता स्वयंपाकघर बंद, असा नियम सांगितला, की शहरातील पाहुण्याला तो उर्मटपणा वाटतो. पैसे मोजले आहेत, मग नऊ वाजता गरम पोळी का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाक्याच्या वाटेवर आहे. तो बहुधा जवळच्या गावातला असतो आणि भांडी घासून झाल्यावर त्याला रानाच्या कडेने घरी जायचे असते. या रानात बिबळ्या पूर्वीपासून आहे, आता वाघही आहे. पाहुण्याला जो वाघ दिसावा म्हणून भाडे वाढते, तोच वाघ स्वयंपाक्याला दिसू नये अशी त्याच्या घरच्यांची इच्छा असते. पाहुण्याच्या अभिप्रायात त्या माणसाचा उल्लेख क्वचितच येतो. आलाच तर ‘सेवा मंद’ या दोन शब्दांत येतो.

अशी घरे मुळात कोणासाठी बांधली गेली, हेही पाहण्यासारखे आहे. गेल्या शतकापूर्वीपासून वनखात्याने जी विश्रामगृहे बांधली, ती फिरतीवरील अधिकाऱ्यासाठी. घोड्यावरून एका दिवसात जेवढी मजल होई, तेवढ्या अंतरावर पुढचे घर. जवळ पाणी, उंच जोते, चोहोकडे व्हरांडा आणि आत मोजके सामान. संस्थानिकांची घरे शिकारीसाठी असत. शिवपुरीच्या रानातील सर्वांत उंच जागी ‘जॉर्ज कॅसल’ नावाची इमारत आहे. १९११ साली सम्राट पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आले असता त्यांनी शिकारीच्या निमित्ताने येथे एक रात्र राहावे, म्हणून ती उभारली, असे सांगतात. परंतु सम्राटांना वाटेतच वाघ मिळाला, आणि ते मुक्कामाला आलेच नाहीत! एका रात्रीच्या पाहुण्यासाठी बांधलेले आणि त्या पाहुण्यावाचूनच राहिलेले हे घर आज तळ्याकडे पाहत उभे आहे. त्याच्या गच्चीवरून सूर्यास्त पाहण्याचे सुख ज्या शेकडो सामान्य माणसांना मिळाले, ते सम्राटाला मिळाले नाही.

तळ्याकाठच्या झोपडीचे नाव निघाले, की अमेरिकेतील थोरो आठवतो. वॉल्डन तळ्याकाठी त्याने स्वतः बांधलेले घर दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब होते, त्याला साडेअठ्ठावीस डॉलरही खर्च आला नव्हता. १८४५ च्या ४ जुलैला तो तेथे राहावयास गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. दुर्गाबाई भागवतांनी त्याचे पुस्तक मराठीत आणल्यामुळे हे नाव आपल्याकडे परिचयाचे आहे. त्याचे घर गावापासून फार दूर नव्हते, आणि तो अधूनमधून गावात जाऊन येत असे, याबद्दल टीकाकारांनी त्याला पुष्कळ टोचले. पण टोचण्याचे कारण नाही. थाटीपुरच्या कुटुंबालाही दोन रात्रींनी परतायचेच असते. किती दूर गेलो, यापेक्षा गेल्यावर काय बंद केले, यावर अशा मुक्कामाची खरी मदार असते.

महाराष्ट्रात याची साक्ष नागझिऱ्याने दिली. त्या अभयारण्यात तळ्याच्या काठी जी विश्रामगृहे आहेत, तेथे कित्येक वर्षे वीज नव्हती. सूर्य मावळला, की कंदील लावायचा आणि तोही लवकरच विझवायचा. व्यंकटेश माडगूळकरांनी तेथे मुक्काम करून ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. शेजारच्या नवेगावबांधच्या तळ्याकाठी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून पाखरांचा अभ्यास केला. वीज नसलेल्या त्या खोल्यांसाठी लोक महिनोन् महिने आधी अर्ज करीत, आणि परतल्यावर विजेबद्दल तक्रार करीत नसत, कारण ती नाही हे त्यांना निघण्यापूर्वीच ठाऊक असे. याउलट, हल्ली जाहिरातीत ‘अरण्य’ हा शब्द आणि आत पोहण्याचा हौद, रंगीत दिवे नि कर्णे अशी निवासस्थाने जागोजागी झाली आहेत. तेथील पाहुणा समाधानी असेलही. परंतु तो रानात राहिला, असे म्हणता यावयाचे नाही.

शिवपुरीच्या रानात एप्रिलमध्ये जाणाऱ्याची आणखी एक फसगत होते. तेथे करधई नावाचे झाड फार. उन्हाळ्यात ते पूर्ण निष्पर्ण होऊन राखाडी दिसते, जणू सारे रान वाळून गेले. पाहुणा छायाचित्रांतील हिरवाई शोधतो आणि खट्टू होतो. हेच झाड पावसाची नुसती चाहूल लागताच पालवते. परंतु ते पाहावयास पाहुणा नसतो, कारण पावसाळ्यात उद्यान बंद असते. हिवाळ्यात पाण्यावर परदेशी बदके आणि हिमालय ओलांडून आलेले कादंब उतरतात. एका मुक्कामात सारे मिळत नाही.

थाटीपुरच्या त्या कुटुंबाची पहिली रात्र थोडी अवघडच जाते. नऊ वाजताच दिवा मालवल्यावर काय करावे, हे कोणाला उमगत नाही. मुलगा मोबाइल हातात घेतो आणि ठेवून देतो. मग हळूहळू काळोखाला आवाज फुटतात. टिटवी ओरडते. रातव्याचा एकसारखा ठकठक आवाज सुरू होतो. दूर कोठेतरी चितळ एकच तीक्ष्ण साद घालते आणि सारे रान कान टवकारते. “काय होतं ते?” असे मुलगी कुजबुजते, आणि आजी अंधारातच म्हणते, “गप्प. पुन्हा ओरडेल.” ते पुन्हा ओरडत नाही, पण अर्धा तास चौघे एका व्हरांड्यात एकाच आवाजाची वाट पाहत, एकही शब्द न बोलता बसून राहतात. थाटीपुरच्या घरात असे केव्हा घडले होते, हे त्यांनाही आठवत नसावे.

तिसऱ्या दिवशी निघताना अभिप्राय लिहिण्याची वेळ येते. वडील ऊन पाण्याविषयी लिहू लागतात. आजी त्यांना थांबवते आणि मागच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटली आहे, ती पुढच्या पाहुण्याच्या आधी ठोकून घ्यावी, एवढे लिहावयास सांगते. मग ती स्वयंपाक्याचे नाव विचारून तेही लिहून घ्यायला लावते. रिकाम्या बाटल्यांची आणि वेष्टनांची पिशवी गाडीच्या मागच्या भागात ठेवली जाते, कारण ती टाकण्याची जागा थाटीपुरात आहे, येथे नाही.