आधी यादी, मग खरेदी : घरच्या घरी जोडलेला पहिला गेमिंग कॉम्प्युटर

२०२४ साली दहावीची परीक्षा आटोपून आमचा थोरला मोकळा झाला आणि रमजान ईदच्या दुसऱ्याच दिवशी त्याने बिस्किटांचा एक जुना डबा आमच्यापुढे आणून ठेवला. चार वर्षांची ईदी, मामूंनी वेळोवेळी हातावर ठेवलेल्या नोटा आणि शेजारच्या मुलांना गणित शिकवून मिळवलेली रक्कम, असे सगळे मिळून बावीस हजार रुपये निघाले. "अब्बा, मला गेमिंग कॉम्प्युटर हवाय. पण तयार नको. एकेक भाग आणून मी स्वतः जोडणार आहे."

दादीला गेमिंग म्हणजे काय हे कळले नाही, पण नातू काहीतरी स्वतःच्या हाताने बनवणार हे कळले. तिने आपल्या पेन्शनमधून वीस हजार कबूल केले. उरलेले अठ्ठावीस हजार आम्ही घालायचे ठरले. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सोडून सत्तर हजारांचा हिशेब झाला. अटी दोनच होत्या. दादीची अट, व्याजाच्या हप्त्यांवर काहीही आणायचे नाही. आमची अट, कॉम्प्युटर हॉलमध्ये राहील आणि धाकटीच्या अभ्यासालाही मिळेल.

सगळे ठरले आणि दहा दिवसांनी कपाट आवरताना कपड्यांच्या घडीखाली एक छोटे पाकीट सापडले. आत रॅमच्या दोन स्टिक होत्या. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त मिळाल्या म्हणून त्याने कोणाला न विचारता मागवल्या होत्या. नंतर त्याच्या लक्षात आले की, त्याने मनात धरलेल्या मदरबोर्डावर त्या बसणारच नाहीत. परत करायची मुदत तोवर उलटून गेली होती. चार दिवस तो हे लपवून होता. "दादीचे पैसे वाया घालवले असं तुम्ही म्हणाल म्हणून सांगितलं नाही," एवढे बोलून तो गप्प झाला.

खरे सांगायचे तर राग आला, पण तो फार टिकला नाही. पैसे देण्याचे आम्ही ठरवले, पण कागद-पेन घेऊन त्याच्याजवळ बसायचे आम्हाला सुचले नव्हते. त्या रात्री जेवण झाल्यावर बसलो. पुढचे दोन आठवडे हाच उद्योग चालला. त्यातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवत आहोत, कारण अनेक घरांत आज असाच एखादा डबा भरत असेल.

तिघे एका घरचे असावेत

पहिली गोष्ट ही कळली की, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तीन भाग वेगवेगळे निवडायचे नसतात. एक ठरला की उरलेले दोन त्याला जुळणारेच घ्यावे लागतात.

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांसाठी आधी एएम४ हा सॉकेट होता; २०२२ मध्ये एएम५ आला. एएम४ मध्ये प्रोसेसरच्या खालच्या बाजूला १३३१ बारीक पिना असतात. एएम५ मध्ये पिना बोर्डावर आहेत आणि त्यांची संख्या १७१८ आहे. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसूच शकत नाही. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांना एलजीए १७०० हा सॉकेट लागतो. नाव 'आय-फाइव्ह' आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, पिढी पाहावी लागते.

आता रॅम. एएम४ वर डीडीआर४ चालते, एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये काही बोर्ड डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे. तिथे बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही प्रकारच्या स्टिक दिसायला सारख्या, दोन्हींना २८८ संपर्कबिंदू. पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलात तर स्टिक आणि बोर्ड दोन्ही गमवाल.

आमच्या मुलाने मनात एएम५ धरला होता आणि हातात डीडीआर४ घेतली होती. मग आम्ही दोन याद्या समोरासमोर लिहिल्या. एएम५ घ्यावा तर बोर्ड आणि रॅम दोन्ही महाग पडत होते, आणि ग्राफिक्स कार्डासाठी पैसे कमी उरत होते. एएम४ घ्यावा तर आणलेली रॅम वापरता येत होती, आणि वाचलेले पैसे कार्डाकडे वळवता येत होते. एएम५ वर पुढे नव्या पिढीचा प्रोसेसर बसवता आला असता, ती सोय सोडावी लागणार होती. निर्णय आम्ही त्याच्यावर सोपवला. त्याने एक रात्र विचार करून एएम४ निवडला : रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आणि बी५५० चिपसेटचा बोर्ड. चूक झाकण्यासाठी तो हे करत नव्हता. हिशेब त्याने स्वतः मांडला होता.

इथे आणखी एक बारकावा आहे. सॉकेट जुळला तरी बोर्डाचा बायोस, म्हणजे बोर्डातच साठवलेली मूळ आज्ञावली, जुनी असेल तर तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. बी४५० सारख्या जुन्या बोर्डांबाबत हे हमखास विचारावे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, आणि कोणत्या बायोसपासून चालतो तेही लिहिलेले असते. दुकानदाराला "बायोस अपडेट करूनच द्या" असे आधीच सांगावे.

कार्ड आणि पडदा

गेम किती सफाईने चालेल हे सर्वांत जास्त ग्राफिक्स कार्डावर ठरते. म्हणून बजेटचा मोठा वाटा तिकडे जातो. आम्ही आरटीएक्स ४०६० निवडले. त्यात ८ जीबी मेमरी आहे आणि फुल एचडी पडद्यासाठी ते पुरेसे आहे. हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या आठच वाहिन्या वापरते. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याला पूर्ण वाव मिळतो. बी४५० बोर्डावर तो स्लॉट तिसऱ्या पिढीचा असतो. कार्ड तिथेही चालते, पण वाट अर्धी होते. आमचा बी५५० वर भर होता तो यासाठी.

पडद्याचाही विचार आधीच करावा. घरातला जुना मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर कार्डाने सेकंदाला १२० चित्रे तयार केली तरी डोळ्यांना ६० च दिसतात. आम्ही मॉनिटर पुढच्या वर्षावर ढकलला. सध्या जुनाच चालवतो आहोत.

एसएमपीएसवर काटकसर नको

आमची सर्वांत मोठी चूक इथे होता होता राहिली. जुन्या कॉम्प्युटरचा ४५० वॉटचा एसएमपीएस घरात पडून होता. तो वापरला तर पैसे वाचतील असे आम्हीच सुचवले. मुलाने त्यावरची पट्टी वाचून दाखवली. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. त्या पट्टीवर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिले होते. बाराला सोळाने गुणले की १९२ वॉट. वर ४५० छापले होते खरे, पण कामाचे वॉट एवढेच.

आमची गरज अशी निघाली : कार्ड ११५ वॉट, प्रोसेसर भाराखाली ९० धरला, बोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह मिळून ५०-६०. एकूण २६५ च्या आसपास. कार्डाला क्षणभर जास्त ओढ लागते, शिवाय एसएमपीएस सतत काठोकाठ चालवू नये. या कार्डासाठी ५५० वॉटची शिफारस आहे, तीच आम्ही पाळली. '८० प्लस' हा शिक्का विजेची बचत किती हे सांगतो. आतली बनावट कशी हे सांगत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची हेही पाहिले.

आमच्या चिपळूणला पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. यूपीएस घेतानाही आकडा नीट वाचावा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारणतः ३६० वॉटच देतो. आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

मापे आणि साठवण

यादी घेऊन बाप-लेक मुंबईला गेले. मुक्काम मुंब्र्याला खालाकडे, आणि सकाळी ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. एका दुकानदाराने यादी वाचली आणि मुलाला विचारले, "सगळं बरोबर आहे. पण कॅबिनेट कोणतं आणि कार्ड किती लांब?" हे यादीत नव्हते!

कॅबिनेटच्या माहितीपत्रकावर तीन मापे असतात : कोणत्या आकाराचा बोर्ड बसतो, कार्ड किती लांब चालते, कूलर किती उंच चालतो. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा. तीन पंख्यांची काही कार्डे ३०० मिलिमीटरपेक्षाही लांब असतात, आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पंखे लावले की आतली जागा आणखी कमी होते. आम्ही दोन पंख्यांचे आखूड कार्ड घेतले. पुढून जाळी असलेले कॅबिनेट निवडले, कारण कोकणच्या उकाड्यात पुढून बंद काच शोभेची असली तरी हवा अडवते.

साठवणीसाठी १ टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह घेतली. आजचे काही गेम एकटेच १०० जीबीहून जास्त जागा खातात. एम.२ आकाराची प्रत्येक ड्राइव्ह एनव्हीएमई नसते, काही साटा प्रकारच्या असतात. बोर्डाचा स्लॉट कोणती घेतो ते पाहूनच घ्यावी. विंडोजच्या परवान्याचा खर्चही यादीत धरावा. फुकटची चोरीची प्रत आपल्या घरात नकोच. तिच्यातून व्हायरस येतात ते वेगळेच.

जोडणीचा दिवस

जुम्याची नमाज आटोपून हॉलमधल्या टेबलावर काम सुरू झाले. लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून आधी प्रोसेसर बसवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवला, की प्रोसेसर आपसूक खाली बसतो, दाबायचा नसतो. कूलर प्रोसेसरच्या खोक्यातच मिळाला होता. रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही मिळून दुप्पट वाटेने काम करत नाहीत.

मग कॅबिनेट. बोर्डाखाली पितळी खांब बरोबर भोकांखाली हवेत. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला जवळपास सारख्या, पण अदलाबदल चालत नाही. सहज जात नसेल तर ती जागा तिची नाही, एवढे लक्षात ठेवावे.

मगरिबनंतर दादीला खुर्चीवर बसवले. बिस्मिल्लाह म्हणून मुलाने बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. पोराचा चेहरा पांढरा पडला. पाच मिनिटे कोणी बोलले नाही. मग धाकटी मागे वाकून म्हणाली, "भाईजान, वायर वरच्या भोकात आहे, कार्डात नाही." या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या भोकातून चित्र येतच नाही. वायर कार्डात लावली आणि अक्षरे उमटली. दादीने सर्वांत आधी धाकटीला जवळ घेतले.

शेवटचे एक काम राहिले होते. ३२०० लिहिलेली रॅम सुरुवातीला २१३३ किंवा २४०० वरच चालते. बायोसमध्ये एक्सएमपी हा पर्याय चालू केला की ती आपल्या खऱ्या वेगावर येते. अनेकांच्या घरी हे वर्षानुवर्षे राहून जाते.

दुकानात जाण्यापूर्वी

कागदावर या प्रश्नांची उत्तरे लिहा :

१. प्रोसेसर आणि बोर्डाचा सॉकेट एकच आहे का? बायोस नवा आहे का?
२. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा? रॅम तीच आहे का?
३. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? कूलर सोबत मिळतो का?
४. सर्व भागांचे वॉट मिळवून एसएमपीएसला पुरेसा वाव उरतो का? १२ व्होल्टचा आकडा वाचला का?
५. बोर्ड, कार्ड आणि कूलर कॅबिनेटच्या मापात बसतात का?
६. एम.२ ड्राइव्ह बोर्डाच्या स्लॉटला चालते का?
७. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल आणि वॉरंटी आहे का?

सहाही भाग कागदावर जुळेपर्यंत सातव्याचे पैसे मोजू नका. सेल पुन्हा येतो, परत करायची मुदत मात्र पुन्हा येत नाही.

ते रॅमचे रिकामे पाकीट मुलाने फेकले नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहे. त्या डब्यात आता मॉनिटरसाठी पैसे साठत आहेत. परवा मोहल्ल्यातला एक मुलगा त्याच्याकडे सल्ला मागायला आला, तेव्हा त्याने आधी ते पाकीट काढून दाखवले आणि मग विचारले, "घरच्यांना सांगितलंयस का?"