मातीतल्या विकरांची रंगपरीक्षा

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागून महाराष्ट्राची हद्द ओलांडली की सौंसर तालुका लागतो. त्यातल्या बोरगावचं नाव औद्योगिक वसाहतीमुळे कानावर येतं, पण या पट्ट्याचा जीव संत्रा-कपाशीत. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात गेला. माती आहे तीच राहिली. काळी, चिकण, बरेचदा चुनखडीची.

अशा मातीत स्फुरद असतो, पण झाडाला मिळत नाही. काही चुन्याशी बांधला जातो, काही सेंद्रिय पदार्थांत अडकून पडतो. सेंद्रियातला स्फुरद सोडवायचं काम फॉस्फेटेज नावाची विकरं करतात. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, जस्त अशा बारा बाबी असतात. कोठारात धान्य किती हे त्यातून कळतं. जातं फिरतंय का, हे कळत नाही.

ते रंगावरून कळतं. १९६९ साली अमेरिकेतल्या तबातबाई आणि ब्रेमनर यांनी मांडलेली रीत आजही चालते. एक ग्रॅम मातीत ठरावीक सामूचं द्रावण, थोडं टोल्युइन आणि पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हे रंगहीन रसायन घालायचं. ३७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं की विकर त्यातला फॉस्फेट तोडतं. मग कॅल्शियम क्लोराइड आणि कॉस्टिक सोडा घातला की क्रिया थांबते आणि सुटलेलं नायट्रोफेनॉल पिवळं दिसू लागतं. गाळून घेतलेल्या द्रावणाचा पिवळेपणा कलरीमीटर मोजतो. टोल्युइन एवढ्यासाठी, की त्या तासात जिवाणू वाढून हिशोब बिघडवू नयेत. कॅल्शियमही उगाच नाही: त्याच्याविना सोड्यात चिकणमाती विस्कटते, सेंद्रिय पदार्थ विरघळतात आणि द्रावण तपकिरी होतं. तरीही मातीचा थोडाफार रंग उतरतोच, म्हणून दर नमुन्याला जोडीचा कोरा नमुना हवाच. त्यात रसायन शेवटी, सोड्यानंतर घालतात आणि त्याचा रंग वजा करतात.

फॉस्फेटेजची गंमत अशी, की ते स्रवणारा जीव मेला तरी ते चिकणमातीला चिकटून काम करत राहतं. त्यामुळे पिवळा रंग गडद आला म्हणजे माती आज जिवंतच आहे, असं नाही. त्यासाठी डिहायड्रोजनेज पाहतात. ते जिवंत पेशीतच काम करतं. इथे रंगहीन ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइडपासून लाल फॉर्मझान बनतं. माती चोवीस तास ठेवून तो लाल रंग मिथेनॉलमध्ये उतरवतात आणि मोजतात. नमुना उन्हात वाळवलेला असेल, तर ही चाचणी न केलेली बरी.

संत्रापट्ट्यात आणखी एक फसगत आहे. डिंक्या रोगासाठी बुंध्याला बोर्डो लावतात, बोर्डो मिश्रणाची फवारणीही होते. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, अर्थात तांबं. ते वर्षानुवर्षं मातीत साचतं. तांबं फॉर्मझानचा लाल रंगच फिका पाडतं, हे चंदर आणि ब्रूक्स यांनी १९९१ साली दाखवलं. अशा बागेत आकडा कमी आला, तर जिवाणू मेलेत की रंग उडाला, हे त्या एका चाचणीवरून सांगता येत नाही. श्वसन किंवा दुसरं एखादं विकर जोडीला मोजावंच लागतं. एका विकराच्या एका आकड्यावरून 'तुमची माती मेली' असं सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा भरवसा नाही.

तेव्हा बागेतली माती अशा तपासणीला द्याल, तेव्हा ती ओलसर आणि थंड ठेवून लवकर पोचवा. बोर्डो किती वर्षं वापरता, तेही चिठ्ठीवर लिहून द्या.