दाखला नाही? मग काय झालं!

दिवाळी संपली की कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधली कितीतरी मुलं शाळेतून ‘गायब’ होतात. ती जातात कुठे? आणि जिथे जातात तिथल्या शाळेचं दार त्यांच्यासाठी उघडं असतं का?

कर्जत म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फार्महाऊस, पावसाळी ट्रेक आणि स्टेशनवरचा वडापाव. खालापूर म्हणजे एक्स्प्रेस वेवरचा टोलनाका आणि फूडमॉलमधली कॉफी. बस्स, तिथेच आपला भूगोल संपतो! पण याच दोन तालुक्यांत दरवर्षी दिवाळीनंतर एक वेगळंच ट्रॅव्हलिंग सुरू होतं. भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरंबाळं टेम्पोत भरून कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर निघतात. कुणी शेजारच्या तालुक्यात, कुणी घाट ओलांडून दुसऱ्या जिल्ह्यात, तर कुणी थेट कर्नाटकात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर.

उलट दिशेचा ट्रॅफिकही आहेच. खोपोली आणि रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या कारखान्यांत, नव्या बिल्डिंगांच्या साइटवर आणि इथल्या वीटभट्ट्यांवर बाहेरची कुटुंबं येतात. कुणी मराठवाड्यातून, कुणी यूपी-बिहारमधून. म्हणजे एकाच तालुक्यातल्या एका शाळेतून मुलं निघून जातात आणि दुसऱ्या शाळेच्या आसपास नवी मुलं येऊन राहतात. दोन्हीकडे प्रश्न एकच, यांचं नाव कुठल्या पटावर?

उचल आणि हजेरीपट

‘आईबाप मुलांना घरी का ठेवत नाहीत?’ असा प्रश्न एसी ऑफिसात बसून विचारणं सोपं असतं. पावसाळ्यात हाताला काम नसतं. घरात तांदूळ हवा, आजारपण आलं तर पैसा हवा. मग मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि हंगामभर ती अंगमेहनतीनं फेडायची असते. मजुरी ठरते हजार विटांवर, त्यामुळे प्रत्येक हात मोलाचा. आई चिखल तुडवते तेव्हा धाकट्याला सांभाळायला थोरली लागते. ही थोरली म्हणजे कोण, तर जूनपासून नियमित शाळेत येणारी तिसरीतली मुलगी!

इकडे शाळेत तिच्या नावापुढे गैरहजेरीचे शेरे वाढत जातात आणि तिकडे भट्टीजवळच्या शाळेला ती आलीय याचा पत्ताही नसतो. चौकशी करायला गेलेल्या बापाला ‘आधी दाखला आणा’ असं सांगितलं, की मजुरी बुडवून तो पुन्हा काही त्या शाळेची पायरी चढत नाही.

कायदा काय म्हणतो?

गंमत म्हणजे इथे कायदा चक्क या बापाच्या बाजूने आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्माच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्ये आलं तरी दार बंद करता येत नाही. मूल वयानुसार योग्य त्या वर्गात बसतं. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने मुलाला अडवायचं नसतं. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं ही तर स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथे जिल्हा परिषदेची, जबाबदारीच आहे. आधार कार्ड? त्याच्याअभावी शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

पण एक नवी मेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत मुलांना नापास करण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेची सोय आहे, पण परीक्षेच्या मोसमात भट्टीवर असलेल्या पाचवीतल्या मुलाला ते सांगणार कोण?

एक फोन पुरतो

इथेच शाळेची माणसं कामाला येतात. शाळा म्हणजे फक्त गुरुजी-बाई नव्हेत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. वाडीतल्या एका कातकरी आईला त्या खुर्चीवर खरोखर बसवलं, तर कुठलं घर कधी आणि कुठे जाणार हे शाळेला टेम्पो येण्याआधीच कळेल.

मग पर्याय दोन. मूल आजीकडे राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृह योजनेतून त्याच्या जेवणाखाण्याची सोय मागायची. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड हातात द्यायचं आणि भट्टीजवळच्या शाळेला सरळ फोन लावायचा, ‘आमची मुलं येताहेत, बसवून घ्या.’ ऑफिसात आपण ‘हॅण्डओव्हर’ म्हणतो ना, अगदी तेच!

येणाऱ्या मुलांच्या शाळेचं काम थोडं वेगळं. भट्टीवर आणि साइटवर स्वतः जाऊन मुलं मोजायची. दाखल्याचं नंतर पाहू म्हणायचं. कातकरी बोली किंवा हिंदी-भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला ‘याला काहीच येत नाही’ असा शिक्का मारायचा नाही. बाकीच्या पालकांनी ‘ही बाहेरची’ म्हणत नाक मुरडलं, तर समितीनेच त्यांना समजवायचं.

हे स्वप्नरंजन नव्हे. ‘विधायक संसद’ या संस्थेने पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या होत्या. भोंगा म्हणजे मजुराचं झोपडं. शाळा मुलांपर्यंत पोचली की मुलं शिकतात, हे तिथे दिसलं.

आणि आपण?

आपल्या फ्लॅटची वीट कुठल्या तरी भट्टीतूनच आलीय. त्यामुळे थोडी जबाबदारी आपलीही.

• बिल्डर, आर्किटेक्ट, साइट इंजिनीअर किंवा एचआर असाल तर कॉण्ट्रॅक्टरला विचारा, ‘साइटवर मुलं किती आणि ती कुठल्या शाळेत जातात?’

• ‘आईबापाला मदत करतोय’ ही सबब चालत नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आहे. घरच्या व्यवसायात शाळा सुटल्यावर मदत करण्याची सवलत मालकाच्या भट्टीला लागू नाही.

• उचलीपायी कुणाला जबरदस्तीनं डांबलं असेल तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद झालीय. तक्रार तहसीलदार किंवा प्रांतांकडे. मूल संकटात दिसलं तर १०९८.

• ऑफिसच्या सीएसआरमधून चॉकलेटं वाटू नका. दोन शाळांना जोडणारा माणूस द्या, फॉर्म भरायला हात द्या.

• मुलांसोबत सेल्फी नको, प्लीज.

शाळा जूनमध्ये भरते आणि टेम्पो दिवाळीनंतर येतो. मधल्या चार-पाच महिन्यांत यादी करायला, कार्ड भरायला आणि तो एक फोन लावायला वेळ भरपूर असतो.