साठ ओहम

"ईसीएम गेला, नवीन टाका." ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, स्कॅनर लागत नाही एवढ्यावरून एका गॅरेजात आमच्या शेजाऱ्यांना हे सांगण्यात आलं. त्यांची बीएस-६ पिकअप मिरकरवाड्याहून मासळी वाहते. बोलत नाही म्हणून मेला, हे मला पटेना. त्यांच्याबरोबर मीही मिरजोळे एमआयडीसीतल्या एका वायरमनकडे गेलो.

केबिनचं दार उघडताच मासळीच्या पाण्याचा वास आला. "क्रेट पुढच्या सीटवर पण ठेवता?" वायरमनने विचारलं. शेजाऱ्यांनी मान हलवली. स्कॅनरला त्याने हातही लावला नव्हता.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या कपलरमध्ये १६ नंबरला बॅटरी, ४ आणि ५ ला अर्थ. ते ठीक निघालं. मग बॅटरीची तार काढून त्याने ६ आणि १४ वर मीटर धरला. "साठ ओहम यायला हवेत." आले एकशेवीस.

ईसीएम आणि स्कॅनर ज्यावरून बोलतात ती कॅन पद्धत बॉशने १९८६ साली मांडली. ६ आणि १४ वर येणाऱ्या, एकमेकींना पिळलेल्या दोन तारा, दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. दोन्ही मिळून साठ. एकशेवीस म्हणजे एक टोक तुटलेलं. या गाडीत ते टोक ईसीएमच्या आतच होतं. म्हणजे एकतर तो खरंच गेलेला, नाहीतर तिथवरची तार.

पुढच्या सीटसमोर, पायाजवळचं पॅनेल काढून त्याने ईसीएमचा कपलर सोडवला आणि मीटर थेट ईसीएमच्या पिनांवर धरला. एकशेवीस. मघाशी ज्या आकड्याने धास्ती घातली, तोच आता दिलासा देत होता. "ह्याला काय झालेलं नाय," तो म्हणाला.

कपलरमधली एक पिन हिरवी पडली होती. खाऱ्या पाण्याने तारही आतून काळी केलेली. लालबुंद तांबं लागेपर्यंत तो ती बोटबोट कापत गेला. घाई नाही, वैताग नाही. मला त्या कापण्यातच त्याचं सगळं कसब दिसलं. नवा तुकडा जोडला, नवी पिन बसवली. केबिनमध्ये आता मासळी आणि सोल्डरचा धूर एकत्र.

पुन्हा मीटर. "साठ."

बॅटरी जोडली, स्कॅनर लावला. ईसीएम बोलू लागला.

नव्या ईसीएमसाठी शेजारी कर्ज काढणार होते. तुम्हालाही कुणी तो बदलायला सांगितला, तर पैसे मोजण्याआधी एवढं विचारा: मीटर लावून पाहिलात का, आणि किती ओहम आले?