विश्लेषण : ‘अण्णा मुद्दाम हळू चालत नव्हते!’ पार्किन्सन्स घरच्यांना उशिरा का कळतो?

आमच्या अण्णांचा धनादेश बँकेने परत केला. शेरा होता, ‘सही जुळत नाही’. ३२ वर्षे फळ्यावर ठसठशीत अक्षर काढणाऱ्या शिक्षकाची सही मुंगीएवढी झाली होती. आम्ही चष्म्याचा नंबर तपासून आणला. तो पार्किन्सन्स होता, हे कळायला आणखी दीड वर्ष गेले. अण्णा आता नाहीत. ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन. त्या निमित्ताने, आम्हाला उशिरा समजलेल्या काही गोष्टी.

हा आजार नेमका काय?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन केले. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस. मेंदूतील ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या भागातील पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. हालचाली सुरळीत होण्यासाठी ते लागते. या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि लक्षणे दिसेपर्यंत त्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो. बहुतेकांना हा आजार साठीच्या आसपास किंवा नंतर होतो, पण अभिनेते मायकल जे. फॉक्स यांना १९९१ मध्ये निदान झाले तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते.

हात थरथरत नसेल तरी?

तरीही पार्किन्सन्स असू शकतो. कंप प्रत्येकाला नसतो. हालचाल मंदावणे हे मुख्य लक्षण. अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो, चालताना एक हात हलत नाही, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. ‘अण्णा, फोटोत जरा हसा की,’ असे आम्ही म्हणायचो. ते हसतच होते, चेहरा साथ देत नव्हता. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागला की मी चिडायचो. तो हट्ट नव्हता, हे आज कळते.

काही खुणा तर कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरोबर ओरडणे, लाथा मारणे. दूध करपले तरी अण्णांना शेजारच्या खोलीत पत्ता नसायचा. अर्थात, या प्रत्येक तक्रारीची इतर कारणेही असतात. पण दोन-तीन एकत्र दिसल्या आणि हालचालही मंदावली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

गोळीच्या वेळेला इतके महत्त्व का?

लेव्होडोपा हे मुख्य औषध मेंदूत जाऊन डोपामिनमध्ये बदलते. ते आजार थांबवत नाही, पण माणसाला हालतेचालते ठेवते. त्याचा परिणाम काही तासच टिकतो. आजार वाढला की गोळी उशिरा मिळताच शरीर आखडते. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने औषधाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला अनेकदा सांगतात.

हे आम्ही शिकलो ते अण्णा पडून खुब्याचे हाड मोडले तेव्हा. रुग्णालयात गोळ्या वॉर्डच्या ठरलेल्या वेळेला मिळत. घरी सकाळी सहाला घेतली जाणारी गोळी तिथे नऊला आली. तोवर त्यांना कूसही बदलता येत नव्हती. आम्ही भीड म्हणून बोललो नाही. तुम्ही बोला. औषधांच्या नेमक्या वेळांचा कागद दाखल करतानाच द्या. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, भ्रमावरचे हॅलोपेरिडॉल अशी औषधे पार्किन्सन्समध्ये सहसा टाळतात, त्यामुळे आजार आधीच सांगा. आणि लेव्होडोपा अचानक बंद करणे धोक्याचे असते.

पाय जमिनीला चिकटल्यावर काय करावे?

उंबरठ्यापाशी किंवा वळताना रुग्णाचे पाय जागीच खिळतात. अशा वेळी ओढू नये, तोल जातो. थांबावे, श्वास घ्यावा, ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणावे. तालावर किंवा जमिनीवरच्या रेघेवर पाऊल टाकणे अनेकांना जमते. आमची मुलगी खडूने फरशीवर आडव्या रेघा ओढायची आणि आजोबा एकेक रेघ ओलांडत न्हाणीघरापर्यंत जायचे.

पुढे गिळण्याचा त्रासही होतो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. अण्णा त्यानेच गेले. जेवताना ताठ बसवणे, लहान घास देणे, ठसका वारंवार लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घेणे, एवढे तरी करावे.

मदत कुठे मिळते?

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि शुभंकरांना, म्हणजे काळजी घेणाऱ्यांना, एकत्र आणते. मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही या क्षेत्रात काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आम्ही यांपैकी कुठेच वेळेवर गेलो नाही. आई एकटीच रात्री चार-चार वेळा उठत राहिली. कुणी विचारलेच, तर ‘चाललंय’ एवढेच म्हणायची. तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर त्याच्याइतकीच त्याला उठवून बसवणाऱ्या माणसाचीही चौकशी करा.

अण्णांची ती नापास झालेली सही अजून कपाटात आहे. भिंग घेऊन पाहिले, तर प्रत्येक अक्षर पूर्वीसारखेच वळणदार आहे.