एसी नसलेल्या गाडीचा ‘एसी पंप’

रेडिएटर याही आठवड्यात राहिला. गेल्या खेपेला थर्मोस्टॅटपाशी थांबताना तसा शब्द दिला होता खरा, पण महिन्यापूर्वी साताऱ्याहून आलेल्या एका पत्राचा निकाल या सोमवारी फोनवर कळला आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं अवघड आहे.

पत्र एका निवृत्त शिक्षकांचं. त्यांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात बंद पडते आणि अर्ध्या तासाने, जणू काही झालंच नाही अशी, पहिल्या सेल्फला सुरू होते. मिस्त्रीने बॉनेटमध्ये डोकं घालून सांगितलं, “गुरुजी, एसी पंप गेला.” त्यावर गुरुजींचा प्रश्न असा, की ज्या गाडीला जन्मात एसी नव्हता तिचा एसी पंप जाईल कसा? मिस्त्री टोपी तर घालत नाही ना?

मिस्त्री खरं बोलत होता, निदान नावापुरतं तरी. इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या साध्या यांत्रिक पंपाला आपल्याकडच्या गॅरेजात एसी पंपच म्हणतात, आणि त्या एसीचा थंड हवेशी काही संबंध नाही. ती आल्बर्ट शांपिओं या माणसाची आद्याक्षरं. हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ साली पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची जीवघेणी शर्यत त्याने जिंकली, पुढे अमेरिकेत गेला आणि मिशिगनमधल्या फ्लिंट गावी स्पार्क प्लग बनवू लागला. त्याच्या नावाची ‘एसी’ ही छाप प्लगवरून पेट्रोलच्या पंपावर आली आणि पंप कुठल्याही कंपनीचा असला तरी नाव तेच चिकटलं. वनस्पती तूप कुणाचंही असो, घरात त्याला डालडाच म्हणायचे, तसंच हे.

आता निघालंच आहे तर आणखी एक. जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. तेही आद्याक्षरांचंच प्रकरण. ओहायोतल्या डेटन गावची डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. तिथल्या चार्ल्स केटरिंगने बॅटरीवर चालणाऱ्या ज्या इग्निशनला घडवलं, तिचाच पणतू पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसलेला असतो. फ्लिंट आणि डेटन, दोन्ही गावं आपल्या गॅरेजांत रोज उच्चारली जातात, कुणाला पत्ता नसताना.

तर पंप. पद्मिनीच्या १,०८९ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा फिरता फिरता पंपाची दांडी ढकलतो, दांडी आतला रबरी पडदा खेचते, पडदा मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, आणि स्प्रिंग तोच पडदा उलटा ढकलून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे सोडते. दोन छोट्या झडपा, एक पडदा, एक स्प्रिंग. बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही. अडचण आहे ती जागेची. हा पंप तापलेल्या इंजिनालाच बोल्टने आवळलेला असतो आणि पेट्रोल लांबून चोखत असतो. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांची भेळ. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, जड घटक २०० अंशांच्या आसपास. त्यात चोखण्याने नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उकळणं आणखी सोपं होतं. नळीत वाफ झाली की पंप वाफच हलवत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. हाच वेपर लॉक. पुढे मारुतीने इंजेक्शनच्या गाड्यांत पंप थेट टाकीत बुडवला तेव्हा तो पेट्रोल चोखण्याऐवजी ढकलू लागला आणि ही भानगड बहुतेक मिटली.

द्रुतगती मार्ग होण्याआधी मे महिन्यात ज्यांनी खंडाळ्याचा घाट चढला असेल त्यांना आठवेल. कडेला ओळीने बॉनेट उघडून उभ्या फियाट, पोरं दगडांवर, आणि वडील मंडळी पाण्याच्या बाटलीतून पिवळं फडकं भिजवून ते पंपावर गुंडाळताहेत. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, तेव्हा उपाय शास्त्राला धरूनच आहे. अमेरिकेत याच दुखण्यावर पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायची पद्धत होती. लाकडाच्या चिमट्याने नळी काय थंड होणार! तरी लोक वर्षानुवर्षं लावत राहिले आणि गाड्याही सुरू होत राहिल्या.

चिमट्यांची गंमत फडक्यालाही लागू आहे. फडकं ओलं करायचं, गुंडाळायचं, वडा खायचा, चहा प्यायचा, आणि मग सेल्फ मारायचा. एवढ्यात पंपच नव्हे, बॉनेटखालचं सगळंच गार होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. गरम झाल्यावर रुसणाऱ्या आणि गार झाल्यावर नांदणाऱ्या वस्तू तिथे आणखीही आहेत, त्यांच्या बऱ्या होण्याचं श्रेयसुद्धा फडक्याच्या खात्यावर जमा होतं.

त्यातला अट्टल म्हणजे कंडेन्सर. पुण्यातल्या एका पद्मिनीचे दोन वर्षांत दोन एसी पंप बदलले गेले, नळ्यांवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून झाली, तरी दिवे घाटात ती बसायची ती बसायचीच. शेवटी एकाने बंद पडल्या जागीच डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. पॉइंटच्या एका बाजूला टेकाड, दुसरीला खड्डा, दोन्ही काळेनिळे. कंडेन्सर म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा पत्र्याचा डबा, आत कागद आणि धातूच्या पातळ पट्टीची गुंडाळी. पॉइंट उघडताना प्रवाह उडी मारू पाहतो, ती उडी हा डबा झेलतो. झेलली तरच कॉइलचं चुंबकत्व झटक्यात कोसळून १२ व्होल्टमधून प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. चार सिलिंडरच्या इंजिनात ३,००० फेऱ्यांना हे सेकंदाला १०० वेळा घडतं. आतलं आवरण जुनं झालं की तापल्यावर गळायला लागतं, ठिणगी पिवळी पडते, गाडी बसते. गार झालं की पुन्हा शहाणं. त्या गाडीचा कंडेन्सर बदलला आणि काढलेले दोन्ही पंप नंतर बघितले तेव्हा त्यांचे पडदे धडधाकट होते.

म्हणून गुरुजींना फोनवर एकच विनंती केली. पुढच्या वेळी बंद पडली की फडकं खिशात ठेवा. चोर घरात असतानाच दार लावायचं. गॅरेजात गार गाडी नेऊन उपयोग नाही. पेट्रोलची कुठलीही नळी उघडण्याआधी ठिणगी बघायची: कॉइलची जाड वायर टोपीतून काढून, रबराच्या हातमोज्याने, ब्लॉकपासून पाचेक मिलिमीटरवर धरायची आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी आणि कडकडीत असेल तर वीज निर्दोष. मग एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात बघत ॲक्सिलरेटरची दांडी हाताने दाबायची. पेट्रोलची बारीक धार उडाली तर वाटीत पेट्रोल आहे, नाही उडाली तर मागे शोधायचं. शेवटी टाकीचं झाकण उघडून कान द्यायचा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल तर टाकी श्वास ओढल्यासारखी फुस्स करते. कुलूपवालं नवं झाकण बसवलेल्या कितीतरी गाड्यांचा आजार एवढाच असतो.

आणखी एक प्रश्न विचारला होता: गाडी चढताना बसते, की थांबून वडा खाल्ल्यावर उठत नाही? हा फरक फार कामाचा. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, गार पेट्रोल यायचं थांबतं, पण ब्लॉक तापलेलाच असतो; त्यामुळे बॉनेटखाली पुढची काही मिनिटं गरमी उलट वाढते. खरा वेपर लॉक बहुधा तेव्हा गाठतो. गुरुजींची गाडी मात्र भर चढात, तिसऱ्या-चौथ्या वळणाला बसत होती.

नवा एसी पंप त्यांनी दरम्यान बसवला होताच. फरक शून्य. मग नातवाला सोबत घेऊन ते घाटात गेले, गाडी ठरल्याप्रमाणे बंद पडली, आणि दोघांनी पाढे म्हटल्यासारख्या तपासण्या केल्या. ठिणगी निळी. धार नाही. झाकणाचा आवाज नाही. म्हणजे टाकी आणि पंप यांच्या मधे.

टाकीच्या तोंडाशी, गाडीखाली, धातूच्या नळीला जोडणारा वीतभर रबरी तुकडा असतो. तो दोन बोटांनी वाकवला तर त्यावर भेगांची जाळी उमटली. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खाली कधी थेंब पडला नाही. पंपाच्या अलीकडची नळी चोखणीची. तिला भेग पडली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. सपाटीला ही चोरी खपते. घाटात गाडीचं नाक वर होतं, पेट्रोल जास्त उंच चढवावं लागतं, इंजिनाची भूकही वाढलेली असते, आणि गरमीत वाफ भर घालते. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांच्या घरात इथेनॉल आहे, जे जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. पद्मिनीवाल्यांनी या तुकड्याकडे आणि पंपाच्या पडद्याकडे दरवर्षी बघितलेलं बरं, आणि नवी नळी इथेनॉल सोसणारी आहे ना, हे दुकानात विचारून घ्यावं.

नळी मिसळीच्या दोन प्लेटच्या पैशांत आली. त्यानंतर गाडी तीनदा पाचगणीला जाऊन आली, एकदा तर दुपारी दोनच्या उन्हात. काढलेला मूळ एसी पंप गुरुजींनी केरोसिनने धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत ठेवला आहे. पिशवीवर नातवाने पेनने लिहिलंय: ‘आल्बर्ट काका’.